आधी कल्ले बघा

नमस्कार श्रोतेहो. घरात खाऱ्या पाण्याची टाकी असेल, तर आज दिवे मालवण्याआधी दोन मिनिटं तिच्यासमोर बसा आणि माशाच्या रंगापेक्षा त्याचे कल्ले बघा.

माझ्याकडे क्लाउनफिशची जोडी होती. त्यातला धाकटा एका संध्याकाळी पंपाच्या धारेत तोंड धरून उभा राहिला, हलेचना. दाणे तोंडापाशी आले तरी घेईना. अंगावर एकही ठिपका नव्हता, म्हणून मी सकाळपर्यंत थांबले. सकाळी तो तळाशी पडलेला होता.

ही बहुधा 'व्हेल्व्हेट' या रोगाची लक्षणं होती. त्याचा अतिसूक्ष्म परजीवी पुष्कळदा आधी कल्ल्यांना धरतो. श्वास पुरेना म्हणून मासा धारेत जातो, उजेड चुकवतो. अंगावरची सोनेरी भुकटी मागाहून दिसते, कधी दिसतही नाही. तळाशी पडलेल्या त्याच्या एका पुटीतून 256 पर्यंत नवे परजीवी सुटतात. म्हणून एक रात्रसुद्धा फार होते.

'इच' हा रोग वेगळा. त्याचे ठिपके मिठाच्या कणांएवढे, मोजता येण्याजोगे. मासा दगडाला अंग घासतो. ठिपके गळले की मासा बरा झाला असं वाटतं, पण परजीवी तेव्हा वाळूत वाढत असतो. आणि क्लाउनफिशच्या अंगावरून शेंबडासारखा पांढरट थर सुटत असेल, तर संशय ब्रुकलिनेला या तिसऱ्या परजीवीचा. व्हेल्व्हेटवर चालणारं तांब्याचं औषध तिथे उपयोगाचं नाही, फॉर्मलिन लागतं. तांबं तर प्रवाळ आणि कोळंबी असलेल्या टाकीत कधीच घालू नका. आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवा.

सगळेच मासे एकदम धापा टाकू लागले, तर मात्र आधी पाणी तपासा. अमोनिया शून्य हवा. पंप बंद पडलाय का, पाणी तापलंय का, तेही बघा. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमीच मावतो.

आणि धाकटा क्लाउनफिश थोरल्यासमोर थरथरला तर घाबरू नका. जोडीतली थोरली ती मादी असते. थरथरून तो तिचा मान राखतो. रात्री कलंडून झोपणं हीसुद्धा त्यांची सवयच.

आता माझ्या टाकीवर एक कागद चिकटवलाय. प्रत्येक मासा निवांत असताना मिनिटाला किती वेळा कल्ले हलवतो, तो आकडा त्याच्या नावापुढे लिहिलाय. रोज रात्री मी तो ताडून बघते.