नाक, नाळ, चीक : शेळीचं पहिलं वेत

नमस्कार. शेतकरी भावांनो, आणि त्यांच्याआधी माझ्या बहिणींनो. आधी म्हणते, कारण शेळ्यांना चारा टाकायचा, लेंड्या झाडायच्या, करडं पाजायची बाईनं, आणि बोकड विकायचा दिवस आला की टोपी झटकून बाजारात जायचं बाप्यानं, ही वाटणी आपल्याकडे कोणी लिहून ठेवलीय कोण जाणे. असो, आजचा विषय तो नाही.

आजचा विषय आहे पहिलं वेत. ज्यांनी यंदा पहिल्यांदाच दोन-चार शेळ्या दारात बांधल्यात, त्या शेळ्या गाभण आहेत आणि आता थंडीत विणार आहेत, त्यांच्यासाठी मी बोलतेय. ज्यांच्याकडे पन्नास शेळ्या आहेत त्यांनी खुशाल चहा ठेवावा.

सुरुवातीलाच तीन शब्द सांगते. नाक, नाळ, चीक. परत सांगते. नाक, नाळ, चीक. बोलता बोलता मी कुठेही भरकटले तरी हे तीन धरून ठेवा.

तर पहिली गोष्ट तारीख. शेळी फळल्यापासून साधारण दीडशे दिवसांनी विते. चार-पाच दिवस इकडे, चार-पाच दिवस तिकडे. सोपा हिशोब सांगते : पाच महिने मोजा आणि त्यातून तीन दिवस काढा. 15 जुलैला बोकड दाखवला असेल तर 12 डिसेंबरच्या आसपास तयार राहा. ही तारीख कॅलेंडरवर लिहायची. दुधाच्या आणि गॅसच्या नोंदी लिहितो तिथेच. डोक्यात ठेवायची नाही. डोक्यात आपण बाकी बरंच ठेवलेलं असतं.

दुसरी गोष्ट खाणं. पोटातलं करडू खरं वाढतं ते शेवटच्या दीड महिन्यात. तेव्हा शेळीला पाव किलोच्या आसपास भरडा रोज, दोन वेळांत विभागून, सोबत क्षार मिश्रण आणि लसूणघास, सुबाभूळ, शेवरी जे असेल ते. पोटात जुळं असेल आणि खुराक कमी पडला, तर शेळी अंगातली चरबी जाळायला लागते, खाणं सोडते, मान टाकून उभी राहते. तेव्हा घरचे उपाय करत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. आणि आपल्या नाशिककरांसाठी खास सांगते : छाटणीचा द्राक्षाचा पाला फुकट मिळतो म्हणून गाभण शेळीपुढे टाकू नका. बागेवर कधी, कशाची फवारणी झालीय ते बागवाल्याला विचारल्याशिवाय नाही. नाहीच टाकला तर उत्तम.

आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष होण्याचा आजार, त्याची लस विण्याच्या महिनाभर आधी टोचून घ्या, म्हणजे आईच्या चिकातून, व्याल्यावरच्या पहिल्या दाट दुधातून, करडांनाही संरक्षण जातं. जंताचं औषध देताना ‘शेळी गाभण आहे आणि इतक्या महिन्यांची आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगायचं. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा नंबर आणि आपल्या भागातल्या डॉक्टरांचा नंबर, दोन्ही गोठ्याच्या दारावर खडूनं लिहा. मोबाइलमध्ये असतो हो, पण ऐन वेळी मोबाइल मुलाच्या हातात असतो आणि मुलगा झोपलेला असतो.

आता मला जे सांगायचंय ते सांगते.

आमचं घर दिंडोरी तालुक्यात, मळ्यात. दोन एकर. पाच वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा दोन शेळ्या घेतल्या. एक संगमनेरी, पांढरी, आपल्या नाशिक-नगर-पुण्याकडची. आणि एक काळी उस्मानाबादी, तिचं नाव चंद्री. कपाळावर चांदवा होता म्हणून चंद्री. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते मला मुळीच आवडत नाही. शेळी ही शेळी आहे, तिला गायीची उसनी ओळख कशाला?

तर ही चंद्री पहिलारू. तिच्यासाठी मी काय तयारी केली होती म्हणता! गोठ्याचा एक कोपरा लोखंडी जाळीनं बंद केला, वरूनही जाळी, कारण आमच्याकडे उसात बिबट्या असतो. खाली चुन्याची भुकटी, वर वाळलेलं गवत. एका कापडी पिशवीत नवी ब्लेड, उकळलेला दोरा, टिंक्चर आयोडीनची बाटली, जुन्या लुगड्याचे तुकडे, बॅटरी, बाळाची दुधाची बाटली. मोबाइलवर शेळीपालनाचे व्हिडिओ बघून बघून केलं होतं सगळं. त्या व्हिडिओत शेळी कशी शहाण्यासारखी कॅमेऱ्याकडे तोंड करून विते. आणि पाठीमागे तो माणूस सांगत असतो, वर्षात इतके लाख कमवा. लाख कमवून देणारी शेळी मी अजून बघितलेली नाही, लाख वेळा ओरडणारी बघितलीय.

मार्गशीर्ष चालू होता. गार इतकं की निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर. आमचे हे सातपूरला रात्रपाळीला. संध्याकाळी सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, गोठ्यात आल्या. चंद्रीच्या शेपटीच्या दोन बाजूंना बोटं लावून बघितलं आणि म्हणाल्या, “खड्डा पडलाय गं. आज रात्री मोकळी होईल.” मी कॅलेंडर बघितलं. तारखेला अजून चार दिवस होते. मी म्हटलं, “आत्या, अजून वेळ आहे.” आत्या काही बोलल्या नाहीत. आमच्या आत्या बोलल्या नाहीत की समजायचं.

रात्री अडीचला जाग आली. चंद्रीचा आवाज, पण गोठ्याच्या बाजूनं नाही. पळत गेले तर कोपऱ्याची जाळी ढुशा देऊन वाकवलेली. जी जाळी बिबट्याला रोखणार होती, ती शेळीनं आतून मोडलेली! आणि चंद्री कुठे, तर कांद्याच्या चाळीमागे, उघड्यावर, वारं लागतंय तिथे, पायानं माती उकरत उभी. मी केलेलं मऊ गवत तिनं वापरलं नाही ते नाहीच.

पहिलं करडू अर्ध्या तासात आलं. दोन पुढचे पाय, त्यावर टेकवलेलं नाक, अगदी बघावं तसं. हे लक्षात ठेवा, दोन पाय आणि त्यावर नाक, म्हणजे सरळ आहे, तुम्ही हात लावू नका. चंद्रीनं त्याला चाटून कोरडं केलं आणि ते पाच मिनिटांत उभं राहायला धडपडायला लागलं. मी म्हटलं, झालं.

झालं कुठलं. चंद्री परत कळा द्यायला लागली. दुसरं आलं ते मागच्या पायांनी. तसंही येतं, घाबरायचं नसतं, पण कंबर बाहेर आली की थांबायचं नाही, कारण नाळ आत दाबली जाते आणि डोकं अजून आतच असतं. मी पाय धरले आणि कळेबरोबर खाली, शेळीच्या मागच्या पायांच्या दिशेनं ओढलं. आलं बाहेर. आणि निपचित. तोंडावर पिशवीचा पडदा तसाच. चंद्रीचं सगळं लक्ष पहिल्याकडे.

तोपर्यंत आत्या घोंगडी पांघरून आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून करडू घेतलं, दोन बोटांनी नाकातोंडावरचा चिकटा पुसला, चाळीतून गवताची एक काडी घेतली आणि त्याच्या नाकपुडीत हळूच घातली. एकदा. दोनदा. आणि करडू शिंकलं. इवलीशी शिंक. माझ्या आयुष्यात मी एवढी गोड शिंक ऐकली नाही, माझ्या स्वतःच्या पोरांची धरून.

म्हणून पहिला शब्द नाक. पडदा काढा, पुसा, काडी घाला, अंग खसाखसा चोळा. मग नाळ. पोटापासून दोन-तीन बोटं सोडून दोरा बांधा, त्याच्या खाली नव्या ब्लेडनं कापा आणि उरलेला तुकडा आयोडीनमध्ये बुडवा. वरून थेंब टाकून भागत नाही, बुडवायचा.

आणि मग चीक. इथे आमचं वाजलं.

मी करडू सडाला लावायला गेले तर आत्यांनी हात धरला. “वार पडल्याशिवाय पाजायचं नाही. बाधतं.” वार म्हणजे करडामागून पडते ती झिल्ली. आता आत्यांनी चाळीस वर्षं जनावरं केलेली, नुकताच त्यांनी एक जीव वाचवलेला, आणि मी व्हिडिओवाली. पण हे एक मला डॉक्टरांनी पक्कं बजावलं होतं. शेळीच्या पोटात असताना करडाला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती मिळते फक्त चिकातून. आणि करडाचं आतडं ती ताकद घेतं जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच. मग ते दार बंद होतं. वार पडायला कधी कधी आठ-दहा तासही लागतात. तेवढं थांबलात तर दार बंद. उलट करडू सडाला लागलं की आईला पान्हा फुटतो, त्याच वेळी गर्भाची पिशवी आवळते आणि वार लवकर पडायला मदत होते. म्हणजे वार पडायची वाट बघून पाजायचं नाही, पाजल्यानं वार पडते. परत सांगते. वारेची वाट बघू नका. अर्ध्या तासात, फार तर तासात चीक.

मी करडाच्या तोंडात बोट घातलं आणि माझं बोटच गारठलं. तोंड आतून थंडगार. आता गार पडलेल्या करडाला लगेच दूध पाजायचं नाही, ते त्याला गिळवत नाही, पचत नाही, श्वासनळीत जाऊ शकतं. आधी ऊब, मग चीक. ऊब कुठून आणायची? साठचा बल्ब लावायची माझी तयारी होती, पण मळ्यातली लाईट एकला गेलेली. चूल पेटवायची तर सरपण दवानं ओलं.

तेवढ्यात बांधापलीकडे उजेड दिसला. शेजारचे भाऊ त्यांच्या द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत होते. आपल्याकडे माहितीच आहे, पारा फार उतरला की पहाटे बागेत ओळीनं शेकोट्या करतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. मी करडू पदरात गुंडाळलं आणि बांधावरून पळत सुटले. भाऊंना वाटलं बिबट्या आला. काठी घेऊनच उभे राहिले. मी म्हटलं, “भाऊ, काठी नको, जागा द्या.”

तिथे आगीपासून हातभर लांब, पोत्यावर, मी त्या करडाला मांडीवर घेऊन बसले. एक बाजू, मग दुसरी बाजू, भाकरी शेकावी तशी. आजूबाजूला काळोखात द्राक्षाचे घड लटकलेले, धूर वेलींखाली अंथरलेला आणि भाऊ मला सांगताहेत की यंदा व्यापारी काय भाव देईल. रात्री साडेतीनला! द्राक्षवाल्या माणसाला तुम्ही कधीही उठवा, तो भावाचंच बोलणार. अर्ध्या तासानं परत तोंडात बोट घातलं. ऊब होती. आणि त्यानं माझं बोट चोखलं.

परत आले तर आत्या चंद्रीजवळ बसल्या होत्या. हातात स्टीलची वाटी. वाटीत पिवळा धमक, दाट चीक काढून ठेवलेला, वर पदर झाकलेला. पाजायचं नाही म्हणणाऱ्या त्याच आत्या. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. बाटलीनं थोडं थोडं पाजलं. दोन किलोच्या करडाला दिवसभरात साधारण दोनशे मिली चीक लागतो, तीन-चार वेळा करून. वार पहाटे सहाला पडली. ती ओढायची नाही कधी. लोंबत असली तरी ओढायची नाही. बारा तासांत नाही पडली तर डॉक्टर. पडली की हातात पिशवी घालून उचलायची आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची, कुत्र्यांना मिळता कामा नये. आणि शेळी गाभडली असेल तर तिच्या वारेला उघड्या हातानं शिवायचंच नाही, घरात गरोदर बाई असेल तर तिनं गोठ्यातच जायचं नाही. शेळीच्या गर्भपाताचे काही आजार माणसाला लागतात.

डॉक्टरांना कधी बोलवायचं हे राहिलं. पाण्याची पिशवी फुटून तासभर शेळी जोरात कळा देतेय आणि काहीच दिसत नाही, किंवा एकच पाय दिसतोय, किंवा नुसतं डोकं. मग फोन. आत हात घालायचा प्रयोग स्वतः करू नका.

अजून एक. माझ्या नातवानं परवा शाळेत करडाला कोकरू म्हटलं आणि बाईंनी बरोबरची खूण केली. शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू. नाशिकसारख्या जिल्ह्यात हे चुकायला लागलं तर अवघड आहे.

इकडे स्टुडिओत काचेपलीकडून हात दाखवताहेत, वेळ संपत आली. नाक, नाळ, चीक. ते दुसरं करडू पाठ, म्हणजे मादी, निघाली. तिचं नाव शेकोटी. आता तिचीच तारीख पुढच्या गुरुवारची आहे आणि आत्यांनी कालपासून तिच्या शेपटीला बोटं लावून बघायला सुरुवात केलीय. बांधापलीकडचे भाऊ म्हणतात, आमच्या आगीवर जगली, यंदाचं एक करडू आमचं. मी म्हटलं, आधी द्राक्षाची एक पेटी पाठवा, मग बघू.

नमस्कार.