वैदर्भीचं पत्र

नमस्कार श्रोतेहो.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी चैत्रात एक पोथी निघायची. लाल फडक्यात बांधलेली, कडा तपकिरी झालेल्या, मधल्या पानांवर हळदीच्या बोटांचे ठसे. एकनाथांचं रुक्मिणी स्वयंवर. 1571 साली नाथांनी ते काशीत पुरं केलं, प्रसंग अठरा. लग्न लांबलेल्या मुलीनं ही पोथी वाचावी म्हणजे स्थळ जमतं, अशी समजूत आहे. आत्यानं वाचली, ताईनं वाचली, माझ्याही पुढ्यात ती आली. आत्या म्हणायची, "वाच वं माय, रुक्मिणी आपल्याच इकडची लेक आहे."

खरंच आपली. विदर्भराजा भीष्मकाची मुलगी, म्हणून तर वैदर्भी. आणि वाचता वाचता मला नवल वाटलं ते याचंच, की घरच्यांनी ठरवलेलं स्थळ जिनं साफ नाकारलं, तिची पोथी आपण स्थळ जमावं म्हणून वाचतो!

भाऊ रुक्मी यानं चेदीच्या शिशुपालाशी लग्न ठरवलं होतं. मंडप सजला होता. तेव्हा या मुलीनं एका विश्वासू ब्राह्मणाला निरोप देऊन द्वारकेला धाडलं. भागवताच्या दशम स्कंधात हा निरोप सात श्लोकांचा आहे. "श्रुत्वा गुणान् भुवनसुन्दर" अशी त्याची सुरुवात. तुझे गुण ऐकले आणि मन लाज सोडून तुझ्यात शिरलं, असं ती म्हणते. पण मला जास्त मोह पडतो तो पुढच्या भागाचा. कृष्णाला अडचण येणार हे तिनं आधीच ओळखलंय. अंतःपुरातल्या मुलीला तिच्या नातलगांना न मारता न्यायचं कसं? तिनं मार्गही सांगितलाय. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची मोठी यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जाते. तिथून ने. केवढं भान! प्रेमात बुडालेली आहे, तरी माहेरचं रक्त सांडू नये याची काळजी तिला आहे. पुढे रुक्मी पाठलाग करून हरला, तेव्हाही कृष्णाचे पाय धरून भावाचा जीव तिनंच वाचवला.

ते देऊळ कोणतं, यावर आपल्याकडे अजून प्रेमानं वाद चालतो. अमरावतीकर म्हणतात, आमची अंबादेवी. रुक्मिणीचं माहेर मानलेल्या कौंडण्यपूरचे लोक म्हणतात, आमच्याच गावची अंबिका. वाद सुटू नये असंच मला वाटतं.

मूर्तीतही तिचा हा ताठा उतरलाय. दक्षिणेतल्या मंदिरांत ती कृष्णाच्या उजव्या हाताला उभी असते, डावीकडे सत्यभामा. पंढरपुरात मात्र ती विठ्ठलाशेजारी नाही. तिचं देऊळ वेगळं, मागच्या बाजूला. ती रुसून पंढरपूरजवळच्या दिंडीरवनात आली आणि देव तिला शोधत मागून आला, अशी कथा आहे. नीट पाहा तिच्याकडे. मळवट, नथ, अंगभर लुगडं, आणि विठ्ठलासारखेच कमरेवर ठेवलेले दोन्ही हात. "रखुमाईच्या पती" म्हणून विठोबाला हाक मारणारे वारकरी तिच्या नात्यानंच देवाला ओळखतात, हे मला फार मोठं वाटतं.

वर्धा नदीच्या काठी, आर्वीच्या पलीकडे कौंडण्यपूर आहे. तिथून दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला निघते. ही परंपरा 1594 पासूनची मानतात. विदर्भातली माणसं ऊन-पाऊस अंगावर घेत महिनाभर चालतात आणि लेकीसाठी माहेरची साडीचोळी घेऊन जातात.

नमस्कार.