दोनशे फुटांच्या खाली

[दृश्य: रात्र. शिवारात उभी बोअरची गाडी.]

मराठवाड्यातलं एक शिवार. गाडीचा नंबर तमिळनाडूचा आहे. महाराष्ट्रात बोअर पाडणाऱ्या बऱ्याच गाड्या तिकडच्याच, तिरुचेंगोड भागातल्या. कंप्रेसर सुरू झाला की शेजारच्याशी बोलायला कानाशी तोंड न्यावं लागतं. वीस फुटी रॉड एकामागून एक खाली जातोय. आधी तांबूस माती उडाली, मग मुरूम. आता राखेसारखा करडा फुफाटा येतोय, म्हणजे काळा पाषाण लागला. रान ज्याचं आहे तो दर रॉडला मूठभर चुरा तळहातावर घेतो आणि ओल बघतो. दोनशे फूट झाले. चुरा कोरडाच. तो हातानेच खूण करतो, चालू द्या.

[दृश्य: तळहातावरचा चुरा, जवळून.]

या दोनशे फुटांना कायद्यात अर्थ आहे. 'महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९' हा कायदा २०१४ पासून लागू आहे. साठ मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट, किंवा त्याहून जास्त खोली असेल तर ती 'खोल विहीर'. अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली सरकारनं जाहीर केलेल्या क्षेत्रात शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ती पाडायला मनाई आहे. बोअरच्या गाडीची नोंदणी हवी, विहिरींचीही हवी.

मग ही गाडी इथं बिनधास्त का उभी आहे? त्यासाठी १८८२ पर्यंत मागं जावं लागतं.

[दृश्य: बांध, सातबारा, जुनी दगडी विहीर.]

त्या वर्षी इंग्रजांनी सुविधाधिकाराचा कायदा केला. माझ्या जमिनीखालचं पाणी मी हवं तेवढं उपसावं, हा हक्क त्यातून पक्का झाला. मोट होती तोवर हा हक्क कुणाला नडला नाही. बैलजोडी दिवसभरात ओढून ओढून किती ओढणार? पुढे विजेचे पंप आले, त्यांच्यामागून बोअर. हक्क मात्र मोटेच्या काळातलाच राहिला. शेजाऱ्यानं सहाशे फूट पाडला की आपण आठशे. आजही बांधावर हेच चालतं, आणि त्यात शेतकऱ्याला एकट्याला दोष देणं अन्यायाचं आहे. उभी बाग वाळताना दिसली की माणूस कर्ज काढून बोअर घेतोच.

राज्याची सुमारे ८२ टक्के जमीन बेसाल्टची, म्हणजे याच काळ्या पाषाणाची. या खडकात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात साठतं. खाली कुठं एखादी फट लागली तर लागली, आणि तिथलं पाणी एका पावसाळ्यात भरून येत नाही. वरचा थर मात्र सगळ्या शिवाराचा एकच. बांध त्याला माहीत नाही.

[दृश्य: निरीक्षण विहीर. टेप खाली सोडणारा कर्मचारी.]

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं अशा हजारो विहिरींत वर्षातून चार वेळा टेप सोडतात. त्या नोंदींवरून पाणलोट क्षेत्र सुरक्षित आहे की अतिशोषित, हे ठरतं. म्हणजे माहिती सरकारजवळ आहे.

[दृश्य: हिवरे बाजार. पाण्याच्या ताळेबंदाचा फलक, ग्रामसभा.]

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं कायद्याची वाट पाहिली नाही. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पुढं गावानं ठरवलं की शेतीला बोअर नको, ऊस-केळी नको. पाऊस किती झाला ते मोजायचं, पिण्याचं पाणी आधी बाजूला ठेवायचं आणि उरलेल्यातून रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत बसून ठरवायचं. या फलकावरचे आकडे गावातलं पोरगंही वाचून दाखवतं. पण शेजारच्या गावाला हिवरे बाजारचा ठराव बांधत नाही. त्याला राज्याचाच कायदा लागतो. पाणी हा राज्यघटनेत राज्याच्या सूचीतला विषय, त्यामुळे हे काम दिल्लीवर ढकलताही येत नाही.

[दृश्य: रेल्वेचे टँकर.]

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

[दृश्य: देवळापुढची ग्रामसभा. ठरावाच्या वहीवर सह्या, अंगठे.]

त्याच शिवारातलं गाव. बाया पुढं बसल्यात, कारण हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो. ठराव असा: आमचं पाणलोट क्षेत्र अधिसूचित करावं. नोंदणी नसलेली बोअरची गाडी शिवारात आली तर कुणाला कळवायचं, त्या अधिकाऱ्याचं नाव चावडीवर लावावं. चार वेळच्या मोजणीचे आकडे ग्रामपंचायतीत यावेत. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत दुसरी विहीर नको, हे पिण्याच्या पाण्यासाठीच्या १९९३ च्या भूजल कायद्यात होतंच, ते पाळलं जावं.

ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, दुसरी आमदारांकडे. अधिवेशनात हा प्रश्न मांडा, असं आमदारांच्या पत्रात लिहिलंय. तुमच्या ग्रामसभेतही हा ठराव मांडता येईल. मांडा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.