आधी झाकण उघडा

प्रास्ताविकात माझा उल्लेख ‘विमानतज्ज्ञ’ असा झाला, तो कृपा करून विसरा. मी वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं पंप दुरुस्त केले, तेही पाण्याचे. माझ्या भाच्याने अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, गॅरेजात दोन माणसांचं विमान बांधलं आणि त्याच्या पेट्रोलच्या नळ्यांशी मी एक उन्हाळा झटापट केली. पात्रता एवढीच. आणि विमान म्हटल्यावर पहिल्या रांगेतून तळपद्यांचं नाव येणार, म्हणून आधीच सांगतो. १८९५ साली शिवकर बापूजी तळपद्यांनी मुंबईच्या चौपाटीवर उडवलं म्हणतात, ते विमान पाऱ्यावर चालायचं म्हणे. मला पेट्रोलच्या पुढे गती नाही.

विषय आहे घरी बांधलेल्या विमानातले इंधनाचे बिघाड. पण आधी स्कूटर.

घोडबंदर रोडला संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसायचं, तेव्हाची गोष्ट. नौपाड्यातून निघालो की माझी स्कूटर कापूरबावडीच्या पुढे, मानपाड्याच्या आसपास हमखास बंद पडायची. उतरायचं, सीट वर करायची, झाकण उघडून पेट्रोल बघायचं, झाकण लावायचं, स्कूटर आडवी करायची, किक. सुरू! तुम्ही हसताय म्हणजे तुमच्याकडेही होती. मेकॅनिककडे नेली. त्याने इंजिनाला हातही न लावता सांगितलं, “कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.” चार वेळा कार्बोरेटर साफ केला. प्लग बदलला. मग कॉइल. पैसे गेले, कचरा काही जाईना. माझा अजूनही राग आहे तो यावर, की बिघाड कुठलाही असो, आपला माणूस कार्बोरेटरपासूनच सुरुवात करतो. समोर दिसतो ना!

शोध लावला आमच्या हिने. मागच्या सीटवर बसून तिने सगळं पाहिलं होतं. म्हणाली, “अहो, आडवी केल्यामुळे नाही सुरू होत ती. झाकण उघडल्यामुळे होते. उद्या नुसतं झाकण उघडून बघा.” बघितलं. सुरू! मग आठवलं. पेट्रोलचा वास येतो अशी मीच तक्रार केली होती आणि त्याच मेकॅनिकने झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचा वॉशर कापून बसवला होता. झाकणाला हवेसाठी असलेलं बारीक भोक त्याने बंद झालं. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं का पाडतो? एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. तेच. पेट्रोल कमी होत जाईल तशी टाकीत हवा आली नाही, तर टाकी पेट्रोल सोडत नाही. हे कळायला मला चार कार्बोरेटर-सफाया आणि एक बायको लागली.

(चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’. बरं.)

तर विस्कॉन्सिन. विमान पंख वर असलेलं, इंजिन रोटॅक्स ९१२, शंभर अश्वशक्तीचं. विमान जमिनीला दोरांनी जखडून इंजिन चालवलं की हळू चालताना झकास. पूर्ण ताकद दिली की दीड-दोन मिनिटांनी धाप लागायची. म्हणजे नेमकं उड्डाण करून झाडांच्या वर पोचाल तेव्हा. भाच्याने काय केलं असेल? दोन्ही कार्बोरेटर उघडून बसला होता! मी म्हटलं, थांब, मामाला झाकण उघडू दे. उघडलं. काहीही फरक पडला नाही. बायकोचा सिद्धांत साता समुद्रापार आपटला.

पण रस्ता तोच ठेवला: टाकीकडून निघायचं, इंजिनाकडून नाही. हे इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला सुमारे २७ लिटर पितं, म्हणजे मिनिटाला ४५० मिली. पेट्रोल नुसत्या उतारावर येत असेल तर दीडपट यायला हवं, ६७५. पंपाने येत असेल तर सव्वापट. आणि मोजायचं ते नाक वर करून, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवून, कारण चढताना विमान तसंच असतं. पुढच्या चाकाखाली फळ्या घातल्या, स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं घेतलं, हातात घड्याळ. टाकीच्या तोंडाशी भरपूर. कॉकनंतर, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायच्या तोटीनंतर, भरपूर. पुढच्या रबरी नळीनंतर ४००. सापडलं! हळू चालताना ४०० पुरतं, पूर्ण ताकदीला पन्नास कमी पडतं, आणि कार्बोरेटरच्या वाटीतली शिल्लक संपेपर्यंत कळतही नाही. नळी उभी चिरली. जोडाच्या दातेरी टोकावर जोरात ढकलताना आतलं रबर सोलून जिभेसारखं लोंबत होतं. इंजिन जितकं जास्त ओढेल तितकी ती जीभ वाट जास्त बंद करणार. कचरा नव्हता हो.

(आता ‘पाच’ आलं.) बाकीचं पळत सांगतो. टाकीत हवा नेणाऱ्या नळीचं तोंड बघा. कुंभारीण माशी मातीचं घर करायला असंच भोक शोधते, म्हणून त्यावर बारीक जाळी हवी. इथेनॉल: आपल्या पंपावर आता वीस टक्क्यांचं मिळतं, या इंजिनाला दहापर्यंतच चालतं. काचेच्या उभ्या नळीत थोडं पाणी, वर पेट्रोल, हलवून ठेवा. पाण्याची पातळी वाढली तर इथेनॉल आहे. फायबरच्या टाकीची राळ, जुनं रबर, सगळ्याला ते खातं. कॉक: हात सहज पोचेल तिथेच बसवा. जॉन डेन्व्हर हा गायक १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात गेला, तो घरी बांधलेल्या विमानातच. बांधणाऱ्या दुसऱ्याच माणसाने कॉक डाव्या खांद्याच्या मागे बसवला होता, मूळ आराखड्यात तो पायांमध्ये होता. वळून फिरवताना विमानावरचा ताबा गेला.

व्हेपर लॉक राहिलं. गरम इंजिन बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू केलं की नळीतलं पेट्रोल उकळलेलं असतं आणि त्याची वाफ पेट्रोलची वाट अडवते. म्हणून नळी सायलेन्सरपासून लांब, तिच्यावर उष्णतारोधक बाही, आणि ओढणारा पंप इंजिनाशी असला तरी ढकलणारा टाकीजवळ... हो, हो, थांबतो. वॉचमन दिवे घालवायला उभे आहेत.

ती चिरलेली नळी माझ्या खिशात आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी खाली जिन्यापाशी भेटा.