सेकंदाला नऊ सेंटीमीटर

[दृश्य: पारानाल, संध्याकाळ. चारही घुमट उघडत आहेत.]

चिलीचं अटाकामा वाळवंट. पारानालच्या माथ्यावर चार महाकाय दुर्बिणी, प्रत्येकीचा आरसा ८.२ मीटरचा. इथे येणाऱ्याची नजर या घुमटांवरच खिळते. आपल्याला मात्र खाली जायचंय, जमिनीखालच्या खोलीत. या चारही दुर्बिणींचा प्रकाश तिथे एकत्र आणता येतो.

[दृश्य: निर्वात टाकी. झाकण बसवताना तंत्रज्ञ.]

हे एस्प्रेसो. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे खडकाळ ग्रह हुडकण्यासाठी बांधलेला स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून नोंदवणारं यंत्र. २०१७ च्या अखेरीस यात पहिल्यांदा ताऱ्याचा प्रकाश शिरला.

ग्रह याला दिसत नाही, दिसतो तो तारा. ग्रह फिरतो तसा ताराही किंचित मागेपुढे होतो. आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे फुटलेल्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या, काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाताना तांबड्या बाजूला. गुरूमुळे सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने हलतो. पृथ्वीमुळे? फक्त ९ सेंटीमीटर. कासवाची चाल, आणि ती मोजायची कित्येक प्रकाशवर्षं दूर असलेल्या, उकळत्या वायूच्या गोळ्याची.

१९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांना ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह सापडला, तेव्हा तो तारा सेकंदाला पन्नास मीटरहून जास्त डोलत होता. ग्रह मोठा होता, ताऱ्याला अगदी खेटून फिरणारा. खडकाळ ग्रहासाठी नवं यंत्र लागणार होतं. मेयर यांच्या गटाने ते बांधलं, त्याचं नाव हार्प्स. २००३ पासून ते चिलीतच, ला सिया वेधशाळेच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर आहे. एस्प्रेसो त्याच घराण्यातलं.

[दृश्य: ग्रेटिंग, अगदी जवळून. रंग सरकताना.]

हे ग्रेटिंग. मीटरभराहून लांब, आणि त्यावर ओळीने बारीक समांतर खाचा. प्रकाश इथे रंगांत फुटतो. हातमोजे घातलेली बोटं बघा, फक्त कडेलाच टेकतात. खाचांवर बोट उमटलं तर ते पुसायची सोय नसते.

आता थोडं गणित, कारण या माणसांच्या कामाचं मोल त्याशिवाय कळत नाही. हार्प्समध्ये ताऱ्याचा वेग सेकंदाला १ मीटरने बदलला, तर रेषा संवेदकावर पिक्सेलच्या हजाराव्या भागाइतकी सरकते. म्हणजे १५ नॅनोमीटर. पण आतल्या हवेचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागाने बदललं, तरी रेषा तेवढीच सरकते! दाब मिलिबारच्या शंभराव्या भागाने बदलला, तरीही. मग ग्रह कुठला आणि खोलीतली ऊब कुठली, कसं ओळखायचं?

म्हणून हवाच काढून टाकायची. टाकीभोवती एकात एक बंदिस्त कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्याचं तापमान धरून ठेवायचं. टाकी बंद झाली की आत माणसाने पाऊल टाकायचं नाही.

[दृश्य: फायबरचं टोक, सूक्ष्मदर्शकातून.]

ताऱ्याचा प्रकाश यंत्रात येतो तो फायबरमधून, म्हणजे काचेच्या तंतूतून. हे फायबर अष्टकोनी का? ताऱ्याची प्रतिमा फायबरच्या तोंडाशी जरा इकडेतिकडे झाली, की यंत्रात शिरणाऱ्या प्रकाशाची मांडणी बदलते आणि नसलेला वेग दिसतो. गोल फायबरपेक्षा अष्टकोनी फायबर प्रकाश जास्त नीट घुसळतं. इतकी साधी युक्ती, पण ती सुचायला याच कामात मुरावं लागतं.

[दृश्य: संगणकाचा पडदा. ठिपक्यांच्या समांतर ओळी.]

शेजारच्या दुसऱ्या फायबरमधून संदर्भाचा प्रकाश येतो. हे समान अंतरावरचे ठिपके म्हणजे यंत्राची मोजपट्टी. ठिपके हलले तर यंत्र हललं. ठिपके जागेवर आणि ताऱ्याच्या रेषा सरकल्या, तर तारा हलला. अर्थात, पृथ्वीची स्वतःची सेकंदाला ३० किलोमीटरची धाव त्याआधी वजा करावी लागते.

२०१६ मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर झाला, त्यात हार्प्सची मोजणी होती. २०२२ मध्ये एस्प्रेसोने तिथेच आणखी एका ग्रहाची खूण टिपली. त्याच्यामुळे तारा सेकंदाला जेमतेम ४० सेंटीमीटर हलतो.

[दृश्य: ला पाल्मा, दिवस. सूर्याकडे वळलेली छोटी दुर्बीण.]

आता अडचण ताऱ्यांचीच आहे. त्यांच्या पृष्ठभागावर वायू सतत वरखाली होतो, डाग येतात-जातात, आणि त्यात ९ सेंटीमीटर सहज बुडून जातात. म्हणून स्पेनच्या ला पाल्मा बेटावर हार्प्सचं जुळं यंत्र दिवसा सूर्याचा वर्णपट घेतं. सूर्याचे ग्रह आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचा वाटा वजा केला की उरते ती सूर्याची स्वतःची चुळबूळ. ती ओळखण्याची रीत इथे पारखायची आणि मग रात्रीच्या ताऱ्यांना लावायची.