माळ मोकळा कोण ठेवतं?

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, शब्दांकन करून)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'इंग्लंडच्या खेड्यातलं शांत जीवन'. विषय संयोजकांनी ठरवला, मी हो म्हटलं. शांतता तिथे आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण ती कोणाच्या जिवावर टिकलीय, हे मला तिथे राहायला लागल्यावर हळूहळू कळत गेलं, आणि आज मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी जागा सांगते. दक्षिण इंग्लंडात साउदॅम्प्टन बंदराच्या पश्चिमेला 'न्यू फॉरेस्ट' नावाचा मुलूख आहे. न्यू म्हणजे किती न्यू? विल्यम द काँकररनं तो शिकारीसाठी राखला १०७९ च्या सुमारास. आपल्याकडे तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांच्या गादीवर सहावा विक्रमादित्य नुकताच बसला होता. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनात गाडीत बसलं की दीडेक तासात ब्रोकनहर्स्ट येतं. माझी नोकरी साउदॅम्प्टनला होती आणि आम्ही ब्रोकनहर्स्टच्या पलीकडे एका खेड्यात भाड्यानं राहायचो. खेडं म्हणजे एक चर्च, एक पब, पोस्टाचंही काम बघणारं एक किराणा दुकान आणि घरांची एक लांब ओळ. प्रत्येक घराला पक्कं कुंपण, आणि मोटार आत घ्यायच्या जागी जमिनीत आडव्या लोखंडी नळ्या, म्हणजे खुरवालं जनावर त्यावरून येऊ धजत नाही. जनावरं रस्त्यावर मोकळी आणि माणसं कुंपणात, असा तिथला रिवाज. फाटक उघडं राहिलं तर बागेतल्या गुलाबांचं काय होतं, ते मी बघितलंय.

'फॉरेस्ट' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दाट झाडी येते. झाडी आहेच. ओक आणि बीचची इतकी जुनी झाडं आहेत की बुंध्याला तिघांनी मिळून मिठी मारावी. पण या मुलखाचा फार मोठा भाग म्हणजे उघडा माळ. त्याला हीथ म्हणतात. जमीन वालुकामय, आम्लधर्मी, शेतीच्या दृष्टीनं जवळजवळ निकामी. त्यावर गुडघ्याएवढी हेदरची झुडपं. ऑगस्टमध्ये सगळा माळ जांभळा होतो आणि कॅलेंडरवाले फोटो काढतात. बाकीचं बहुतेक वर्ष तो तपकिरी असतो, आणि ओला. मधूनमधून गोर्सची काटेरी झुडपं. तिला पिवळी फुलं येतात आणि ऊन तापलं की त्या फुलांना खोबऱ्याचा वास येतो. हसू नका, खरंच खोबऱ्याचा. माझं आजोळ राजापूरकडचं. इंग्लंडच्या माळावर उभं असताना ओल्या खोबऱ्याचा वास आला की माणूस क्षणभर कुठल्या कुठे जातो. सखल जागी दलदल असते, तिथे कीटक धरून खाणारी दवबिंदू वनस्पती उगवते, आपल्या सड्यांवर पावसाळ्यात दिसते तिचीच भावंडं. मे महिन्यात आफ्रिकेहून रातवे पक्षी येतात. अंधार पडला की रातवा जो सुरू होतो तो शेजारच्या खोलीत कोणी शिलाई मशीन चालवावं तसा, न थांबता. गावात रस्त्यावर दिवे नाहीत, त्यामुळे तो आवाज फार जवळ वाटतो.

सापांबद्दल कोणीतरी विचारणारच. आहेत. ॲडर हा विषारी आहे, बाकीचे बिनविषारी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथे 'ब्रशर' मिल्स नावाचा एक साप पकडणारा होऊन गेला. कोळसा पाडणाऱ्यांच्या जुन्या झोपडीत राहायचा, हजारो साप त्यानं धरले, त्यातले पुष्कळ लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दुसऱ्या सापखाऊ प्राण्यांचं अन्न म्हणून गेले. १९०५ साली तो वारला. ब्रोकनहर्स्टच्या चर्चच्या आवारात त्याची कोरीव दगडाची समाधी आहे. त्याच आवारात पहिल्या महायुद्धातली थडगी आहेत. बहुतेक न्यूझीलंडच्या सैनिकांची, आणि काही आपल्या लोकांची. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी या गावात लेडी हार्डिंग यांच्या नावाचं इस्पितळ उभारलं होतं. गावात आजही एका रस्त्याचं नाव 'मीरत रोड' आहे. पाटी पहिल्यांदा बघितली तेव्हा मी सायकलवरून उतरले होते.

आता मूळ मुद्दा. हा माळ उघडा का? तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी कांस्ययुगातल्या माणसांनी झाडं तोडली, जमिनीचा कस पावसानं धुऊन नेला आणि हेदर माजली. म्हणजे हीथ हे माणसानं केलेलं रान आहे. चराई थांबली तर बर्च आणि पाइनची रोपं लगेच डोकं काढतात आणि काही दशकांत माळाचं जंगल होतं. रातवा जमिनीवर अंडी घालतो, तोही मग दुसरीकडे जाणार. माळ मोकळा ठेवतात ती जनावरं: सुमारे पाच हजार पोनी, गाई, थोडी गाढवं, आणि पानगळीत डुकरं. पर्यटक पोनींना रानटी घोडे समजून फोटो काढतात. त्यातली एकही रानटी नाही. प्रत्येकीला मालक आहे.

हे मालक म्हणजे 'कॉमनर', आपण हक्कदार म्हणू. कोणी बस चालवतो, कोणी शाळेत नोकरी करतं, आणि संध्याकाळी बूट चढवून माळावर स्वतःची जनावरं बघायला जातात. त्यातून पैसा जवळजवळ सुटत नाही. हक्क मात्र जुने आहेत: चराईचा हक्क, डुकरं ओकखाली सोडायचा हक्क, जळणाच्या लाकडाचा हक्क, जळणासाठी मातीची ढेपळं कापायचा हक्क, असे. यातली खुबी अशी की हक्क माणसाला नसतो, तो ठरावीक घराला किंवा जमिनीच्या तुकड्याला चिकटलेला असतो. घर विकलं की हक्क त्याच्याबरोबर गेला. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

डुकरांचा हक्क ऐकायला गमतीचा वाटतो. पण हिरवे एकोर्न, म्हणजे ओकची फळं, पोटभर खाल्ली तर घोडा आणि गाय मरते. डुकराला ती पचतात. म्हणून शरद ऋतूत निदान साठ दिवस डुकरं सोडतात, नाकात कडी घालून, म्हणजे ती जमीन फार उकरत नाहीत.

पोनी कोणाची हे कसं कळतं? अंगावर मालकाचा डाग असतो. आणि वर्षाची चराईची फी भरली की शेपटीचे केस एका विशिष्ट तऱ्हेनं कापतात, जंगलाच्या प्रत्येक भागाची तऱ्हा वेगळी. हे काम करणारा माणूस म्हणजे 'ॲजिस्टर'. पानगळीत 'ड्रिफ्ट' असतो, म्हणजे हाकारा. सकाळी घोडेस्वार माळावर पसरतात, ओरडत पोनींचे कळप लाकडी कोंडवाड्याकडे वळवतात. चिखल इतका उडतो की कोण कोणाचा मुलगा ते ओळखू येत नाही. आत एकेक पोनी अरुंद गल्लीत घेतात, ॲजिस्टर कात्रीनं शेपटी छाटतो, कोणीतरी वहीत टिपतं, फाटक उघडलं की ती सुसाट बाहेर. जवळून बघितलं तर काही पोनींना चक्क मिशा असतात, वरच्या ओठावर राठ केसांचा झुपका. हिवाळ्यात काटेरी गोर्स खाऊन गुजराण करणाऱ्या पोनींना त्या येतात असं हक्कदार सांगतात. खरं शास्त्र काय ते पशुवैद्यांना विचारा, पण मिशा मी बघितल्यात.

या सगळ्यावर देखरेख करणारं एक न्यायालय आहे, व्हर्डररांचं, म्हणजे जंगलाच्या पंचांचं म्हणा. लिंडहर्स्ट गावात महिन्यातून एकदा भरतं. दहा व्हर्डरर, त्यातले पाच निवडून आलेले. ॲजिस्टर उठून पुकारा करतो आणि ज्याला काही मांडायचंय तो येऊन मांडतो. कुत्री मोकळी सोडणारे, माळावर मोटारी घालणारे, वाहनाखाली जनावर मारून पळून जाणारे, अशा तक्रारी. रस्त्यावर ताशी ४० मैलांची मर्यादा आहे, तरी दरवर्षी डझनावारी जनावरं मरतात, आणि मारणारे बरेचदा रोज त्याच रस्त्यानं कामावर जाणारे लोक असतात.

हे हक्क असेच राहिले असं मात्र नाही. १८५१ मध्ये एक कायदा झाला: राजसत्तेनं जंगलातली हरणं काढायची आणि त्या बदल्यात दहा हजार एकर कुंपण घालून लाकडासाठी झाडं लावायची. हक्कदारांची चराई आक्रसायला लागली. वीस वर्षं भांडण चाललं. १८७१ मध्ये पार्लमेंटात हे कुंपण थांबवण्याचा ठराव आणला हेन्री फॉसेट यांनी. हे दोन्ही डोळ्यांनी अंध असलेले अर्थशास्त्रज्ञ, आणि भारताच्या बाजूनं इतके बोलायचे की त्यांना 'मेंबर फॉर इंडिया' म्हणत. शेवटी १८७७ चा न्यू फॉरेस्ट कायदा झाला. नवी कुंपणं थांबली आणि व्हर्डररांचं न्यायालय हक्कदारांच्या हाती आलं.

आणि १८७८ मध्ये, त्याच व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, इकडे हिंदुस्थानचा वन कायदा आला. राखीव जंगल ठरलं की गावाचे हक्क मिटले, उरल्या त्या सरकारनं दिलेल्या सवलती, सरकारच्या मर्जीनं. तिकडे हक्क, इकडे मेहेरबानी, मध्ये एका वर्षाचं अंतर. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा आसूड' लिहिला, त्यात जंगलखात्यानं डोंगर, दऱ्या, गायरानं गिळली आणि शेतकऱ्याच्या जनावरांना जागा उरली नाही, असा संताप आहे. ठाणे-कुलाब्याकडे भातशेतीसाठी राब जाळायला झाडाच्या फांद्या मिळेनात म्हणून इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. न्यू फॉरेस्टमध्ये हिवाळ्यात हेदरचे पट्टे आजही मुद्दाम जाळतात, नवी कोवळी हेदर यावी म्हणून. तिथे त्याला व्यवस्थापन म्हणतात. आमच्या ठाण्याच्या शेतकऱ्यानं राब भाजला की तो जंगलाचा शत्रू. मला हे वाचून राग आला होता, आजही येतो. आपल्याकडे हे चक्र उलटं फिरायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला, आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावकऱ्यांचा निस्ताराचा, म्हणजे घरगुती गरजेपुरतं जंगल वापरायचा, हक्क आणि ब्रोकनहर्स्टच्या कॉमनरचा हक्क ही एकाच जातीची गोष्ट आहे. मी तिकडच्या एका वयस्कर हक्कदाराला मेंढा-लेखाचं सांगितलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं: "फी किती घेतात?"

तेव्हा तिथल्या शांततेत रम्य असं जे काही आहे, ते कोणाच्या तरी पहाटेच्या फेऱ्यांवर, फीवर आणि कोर्टातल्या भांडणांवर उभं आहे. आता तिथे कायद्याचा प्रश्न फारसा उरलेला नाही. २००५ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. प्रश्न घरांचा आहे. शांत खेडं, रेल्वे स्टेशन जवळ, खिडकीतून पोनी दिसतात, त्यामुळे घरांच्या किमती आकाशाला भिडल्यात. मघाशी म्हटलं ना, हक्क घराला चिकटलेला असतो. जुनं हक्काचं घर विकायला निघालं की ते घेतो लंडनहून निवृत्त झालेला माणूस, किंवा शनिवार-रविवारपुरतं यायला कोणी. हक्क कागदोपत्री त्याच्याकडे जातो. त्याला पोनी बघायला आवडतात, पाळायच्या नसतात. आणि ज्या तरुणाला पाळायच्या आहेत, ज्याचा बाप आणि आजा ड्रिफ्टला जायचे, तो जंगलाच्या बाहेर भाड्यानं राहतो आणि पहाटे मोटारीनं वीस-पंचवीस मैल येऊन आपली जनावरं बघून कामावर जातो. हक्कदारांसाठी थोडी घरं राखून ठेवायची व्यवस्था केलेली आहे, पण मागणीच्या मानानं ती फार तोकडी आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं गेल्या हिवाळ्यात तिच्या पोनी विकल्या.

कोणाचे प्रश्न असतील तर विचारा.