मीठ कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या १५ ऑक्टोबर, म्हणजे पांढरी काठी दिन. अमेरिकेत १९६४ सालापासून हा दिवस पाळला जाऊ लागला आणि आता आपल्याकडेही त्या दिवशी ठिकठिकाणी दृष्टिबाधितांच्या फेऱ्या निघतात, भाषणे होतात, फुले दिली जातात आणि सोळा तारखेला दुचाक्या पुन्हा पदपथावर चढवून उभ्या केल्या जातात. काठीविषयी बोलणारे उद्या पुष्कळ असतील, म्हणून मी आज ताटाविषयी बोलणार आहे. जेवणाच्या ताटाविषयी. ज्याची नजर गेली आहे त्याला मनाचा आधार द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे मला एका ताटाने शिकवले, आणि ते ताट माझ्याच देखरेखीखाली वाढलेले होते. चुकीचे वाढलेले होते.

त्याआधी चार शब्द लक्षात ठेवावेत: आधी आवाज, मग हात. हे शब्द माझ्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येतील, कारण रेडिओवर पान उलटून मागे जाता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशातील दृष्टिबाधितांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. त्यांत जन्मापासून न दिसणारे आहेत, तसेच संसार, नोकरी, सगळे डोळसपणी करून उतारवयात नजर गमावलेलेही आहेत. अंधशाळेत गेलेल्या मुलाला ब्रेल, काठी आणि भांडायला मित्र हे सगळे एका छपराखाली मिळते. साठीत नजर गेलेल्या माणसाला मिळते ती खिडकीजवळची खुर्ची आणि भेटायला येणाऱ्यांचा हळवा सूर. आमचा शनिवारचा कट्टा मुख्यतः अशा माणसांचा आहे. एका सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत वीसेक जण जमतात. कोणी वर्तमानपत्र वाचून दाखवतो, कोणी बोलणारा मोबाइल वापरायला शिकतो, आणि कोपऱ्यात बुद्धिबळ चालते. त्या पटाच्या प्रत्येक घराला भोक असते, मोहऱ्यांना खाली खिळा असतो, काळी घरे किंचित उंच असतात आणि प्रत्येक चाल मोठ्याने सांगावी लागते, त्यामुळे आमच्याकडील बुद्धिबळ हा शांत खेळ नाही. मी तिथे वाचक म्हणून जातो.

या कट्ट्यावर दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ येऊ लागले. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांची उभी नोकरी रेल्वेच्या डाक सेवेत झालेली. रात्रीच्या गाडीत, डाकेच्या डब्यात उभे राहून, भिंतीवरच्या लाकडी खणांत गावोगावची पत्रे टाकण्याचे काम. काचबिंदूने त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर नेली होती. काचबिंदूत बहुधा डोळ्यातील दाबामुळे मागची नस हळूहळू निकामी होते, आधी कडेची नजर जाते, दुखत काहीच नाही, आणि मोतीबिंदूप्रमाणे शस्त्रक्रिया करून गेलेली नजर परत मिळवता येत नाही. चाळिशी उलटलेल्या श्रोत्यांनी, विशेषतः घरात कोणाला हा विकार असल्यास, डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. हे ओघात सांगितले असले तरी ओघात विसरू नये.

तर नाना येत, भिंतीकडेच्या खुर्चीत बसत आणि दोन तासांनी काकू त्यांना घेऊन जात. एक शब्द बोलत नसत. मी त्यांना धीर देण्याचा सपाटा लावला. 'सवय होईल हो नाना', 'मन गुंतवा', 'अमुक तर जन्मापासून अंध, पण कसे आनंदात असतात पाहा.' पाहा, असे मी त्यांना सांगत होतो. ते प्रत्येक वेळी 'हं' म्हणत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी कट्ट्याचे एकत्र जेवण ठरले आणि व्यवस्था माझ्याकडे आली. मी सोयीचे म्हणून बुफे ठरवला. एरवी बुफे ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. ती ज्याने आपल्या लग्नकार्यांत आणली त्याला एकदा जरीची साडी नेसवून, कडेवर मूल देऊन, उभ्याने वरणभात कालवायला लावावे, असे माझे जुने मत आहे. पण माणसे कमी होती आणि मी मोहाला बळी पडलो. आमच्या स्वयंसेवक मुलांनी काम लवकर उरकावे म्हणून वीस ताटे भरली आणि एकेकाच्या हातात दिली. कुठे पुरीखाली बटाट्याची भाजी, कुठे कोशिंबिरीचे पाणी भातात, कुठे जिलबी मटकीच्या उसळीला टेकलेली.

नाना ताट मांडीवर घेऊन नुसते बसले होते. मी लांबून ते पाहिले आणि माझ्या परोपकाराला भरते आले. मी गेलो, काहीही न बोलता त्यांचा उजवा हात मनगटाशी धरला आणि तो पुरीवर नेऊन ठेवला. त्यांनी हात असा हिसडून मागे घेतला की वाटी कलंडली आणि आमटी त्यांच्या धुवट लेंग्यावर सांडली.

"कोण आहे?"

मी नाव सांगितले.

"मग आधी बोलायचं ना." लेंग्यावरचा ओला डाग त्यांनी चाचपून पाहिला आणि थोड्या वेळाने विचारले, "मीठ कुठं आहे?"

मी म्हणालो, "मीठ वाढलेलं नाही नाना, पण आमटीत आहे की बेताचं."

"मला खायला नकोय हो मीठ. ते कुठं आहे, एवढंच कळायला हवंय."

मला उलगडा होईना. तेव्हा नानांनी रिकामे ताट मागवले, ते टेबलावर आपल्यासमोर सरळ ठेवून घेतले आणि मुलांना एकेक भांडे आणायला सांगितले. "मीठ म्हणजे आपलं हेड ऑफिस. वर, बरोबर मधोमध. तिथून डावीकडं लिंबू, मग चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडं भाज्या, त्यांच्या पलीकडं आमटीची वाटी. भात मध्ये, माझ्या बाजूला. हा रस्ता माझा लहानपणापासून पाठ आहे, त्याला डोळे लागत नाहीत. तुम्ही मला बिनपत्त्याची पत्रं दिलीत, ती मी कुठल्या खणात टाकू?"

ताट वाढून झाल्यावर त्यांनी उजव्या हाताचे बोट वरच्या कडेला नेले, मिठाचा कण चिमटीत घेतला, तिथून डावीकडे दोन बोटे सरकून लिंबाची फोड अचूक उचलली आणि भातावर पिळली. एवढ्यात शेजारच्या आजी म्हणाल्या, "अहो, मलाही असंच वाढा." मग तिसऱ्याने सांगितले, मग चौथ्याने. वीसच्या वीस ताटे पुन्हा वाढावी लागली. भात गार झाला, जिलब्या मऊ पडल्या, आणि त्या दिवशी जेवताना खोलीत जो आवाज होता तो त्याआधी कधीच नव्हता.

हात धुतल्यावर नाना आपण होऊन बोलू लागले. नजर गेल्यावर मुलाने त्यांना ठेच लागू नये म्हणून घरातले सगळे सामान हलवले होते. वाटेतली तिवई उचलली, चपलांचे कपाट गॅलरीत नेले, पाण्याचा माठ ओट्यावरून खाली ठेवला; सगळे प्रेमानेच केले, फक्त त्यांना विचारले नाही. "घर तेच आहे, पण मी एकेका वस्तूला विचारत फिरतो. काकूंना सांगितलं तर त्या रडतात, म्हणून सांगत नाही." ते जवळजवळ अर्धा तास बोलले. मला मध्ये तीनदा काहीतरी धीराचे बोलावेसे वाटले आणि तिन्ही वेळा मी जिभेला आवर घातला. शेवटी एवढेच विचारले, "तिवई पुन्हा जागेवर ठेवायला मुलाला सांगू का, की तुम्ही सांगाल?" ते म्हणाले, "मी सांगतो."

अलीकडे ज्याला माइंडफुलनेस म्हणतात त्याचे वर्ग निघाले आहेत. आपल्याकडे त्यासाठी भान हा दोन अक्षरी शब्द आहे, आणि आधार देताना लागते ते हेच भान. समोरच्याला न विचारता त्याला धरू नये, ओढू नये, त्याच्या वस्तूंच्या जागा बदलू नयेत. रस्ता ओलांडताना त्याचा हात आपण पकडायचा नसतो. आपला कोपर त्याला धरू द्यायचा आणि अर्धे पाऊल पुढे चालायचे. आधी आवाज, मग हात. खोलीत येताना नाव सांगावे आणि जाताना 'निघतो' म्हणावे, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. आणि 'ओळखा पाहू मी कोण?' हा खेळ कृपया बंद करावा. डोळस माणसाला भर लग्नात कोणी असे विचारले तर त्याला घाम फुटतो. इथे तर ही परीक्षा रोज आणि सगळ्यांसमोर होत असते. मात्र झोप आणि अन्न कित्येक दिवस तुटले असेल, जगणे नकोसे झाल्याची भाषा येत असेल, तर केवळ ऐकून घेणे पुरेसे नाही. डॉक्टरांकडे न्यावे किंवा शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. क्रमांक पुन्हा सांगतो: एक, चार, चार, एक, सहा.

ज्यांना प्रत्यक्ष काही करावेसे वाटते त्यांच्यासाठी कामे पुष्कळ आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षांना लेखनिक लागतात; दृष्टिबाधित परीक्षार्थीला दर तासामागे निदान वीस मिनिटे जादा मिळतात, पण लिहिणारा हात वेळेवर मिळेल याची हमी वेळापत्रक देत नाही. 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केले. त्याची वर्गणी एखाद्या शाळेला भेट देता येते. शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींना मल्लखांब शिकवला, आणि तो शिकवण्याची रीत ऐकण्यासारखी आहे, कारण तिथे प्रत्येक हालचाल आधी शब्दांत येते आणि मगच शरीरात. म्हणजे पुन्हा तेच, आधी आवाज, मग हात. छर्रे भरलेल्या, खुळखुळत येणाऱ्या चेंडूने चालणारे अंधांचे क्रिकेट जवळपास कुठे होत असेल तर अवश्य जावे. फक्त गोलंदाजी चालू असताना टाळ्या वाजवू नयेत. फलंदाजाला चेंडू ऐकायचा असतो.

आमच्या कट्ट्यावर आता बुफे होत नाही. या वर्षी गणपतीत रीतसर पंगत बसली, सतरंज्या अंथरल्या, आणि प्रत्येक वाढप्याने पदार्थाचे नाव आणि ताटातली बाजू मोठ्याने सांगायची असा नियम ठरला. शेजारच्या शाळेतली सातवीतली एक मुलगी कोशिंबीर वाढत होती. सगळ्यांना डावीकडे वाढत आली आणि नानांपाशी तिचा गोंधळ झाला, म्हणाली, "आजोबा, कोशिंबीर वाढते, उजवीकडे." नानांनी ताटावर हात आडवा धरला.

"परत पाठवा," ते म्हणाले. "पत्ता चुकलाय."

नमस्कार.